भाज्या पोटात जाव्यात म्हणून स्मूदी की ज्यूस? रोज जमेल असं काहीतरी सांगा

रानजाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते, आज विचारतेच. मी ठाण्याला राहते, नोकरी पवईला, सकाळी सव्वासातला घर सोडते ते रात्री आठनंतरच परत. घरात मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासरे. भाजी आणत नाही असं नाहीये, रविवारी दोन पिशव्या भरून आणते, पण गुरुवारपर्यंत पालकाची जुडी फ्रीजच्या ट्रेमध्ये पिवळी पडून पाणी सुटलेली असते आणि ती कचऱ्यात टाकताना जिवावर येतं. डब्याला बटाटा, मटकी नाहीतर भेंडी, रात्री वरण-भात-पोळी आणि एखादं अंडं. हिशोब केला तर दिवसभरात माझ्या पोटात जेमतेम एक वाटी भाजी जाते, मुलाच्या तेवढीही नाही. मागच्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८ निघालं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पालेभाज्या वाढवा म्हणाल्या.

म्हणून म्हटलं सकाळी स्मूदी करून पिऊ. शनिवारी करून बघितली, पालकाची अर्धी जुडी कच्चीच, एक गाजर, एक केळं, दूध आणि बर्फ, सगळं एकदम मिक्सरच्या मोठ्या भांड्यात घालून फिरवलं. पालकाचे दोरे तसेच राहिले, गाजराचे खडे दाताखाली येत होते आणि रंग असा की मुलाने नुसता वास घेतला आणि ग्लास परत ओट्यावर ठेवला. मी संपवली, पण दिवसभर पोट डब्ब होतं.

आता प्रश्न असे की माझ्याकडे ७५० वॅटचा साधा मिक्सर आहे, त्यात हे होतं का का कोल्ड प्रेस ज्यूसर घ्यावाच लागेल (दहा-बारा हजार एकदम घालवायचे म्हणजे विचार करावा लागतो), कुठल्या भाज्या कच्च्या चालतात, आणि मुलाला आवडेल असं काय करता तुम्ही? अजून एक, सासऱ्यांचं वय ७१, डायबेटिस आहे, ते रोज बागेत फिरायला जातात आणि गेटबाहेरच्या माणसाकडे दुधी, कारलं, आवळा असा मिक्स रस पितात. शुगरला चांगला असतो म्हणतात. मला उगाचच काळजी वाटते पण त्यांना सांगणार कसं. कुणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

पाटा_वरवंटा

अगं ताई ज्यूसर अजिबात घेऊ नकोस, थांब आधी. मी घेतला होता. अर्धा किलो गाजरातून जेमतेम एक-दीड ग्लास रस निघतो आणि एवढा मोठा चोथा मागे राहतो, तो फेकायला मन होत नाही म्हणून मी पहिले आठ दिवस त्याची थालीपीठं केली, मग तेही होईना. शिवाय ती जाळी घासायला वेगळी दहा मिनिटं, गाजराचे धागे त्या बारीक भोकांत अडकतात आणि वाळले की ब्रशनेही निघत नाहीत. आता तो माळ्यावर आहे. गेली चार वर्षं मी साध्या मिक्सरवरच करतेय आणि ७५० वॅट म्हणजे भरपूर झाला, माझा तर ५०० चा आहे.

तुझं चुकलं कुठे सांगते. सगळं एकदम घातलंस ना, तिथेच. मोठ्या भांड्यात पानं वरवर फिरत राहतात, पात्याखाली येतच नाहीत. आधी पालेभाजी आणि फक्त पाव वाटी पाणी किंवा दही घेऊन चटणीच्या भांड्यात अगदी गंधासारखी वाटून घ्यायची, चमच्याने कडेचं खाली ढकलून परत एकदा, आणि मग ते मोठ्या भांड्यात ओतून बाकीचं घालायचं. देठं काढून टाक, दोरे त्याचेच येतात. आणि गाजर, बीट कच्चं घालूच नकोस मिक्सरमध्ये, रात्री वरण-भाताचा कुकर लावतेस ना त्यातच वरच्या डब्यात दोन गाजरं आणि पाव बीट ठेवून दे, पाणी न घालता. सकाळी ते लोण्यासारखं वाटलं जातं आणि गोडीही वाढते, मग केळ्याची गरजच पडत नाही.

माझं रोजचं प्रमाण देते, दोन ग्लास होतात. एक मध्यम काकडी, पालकाची दहा-बारा पानं, अर्धी वाटी दही, पुदिन्याची सातआठ पानं, आल्याचा अगदी पेरभर तुकडा, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ, आणि पातळ हवं तेवढं पाणी. चव म्हणशील तर मठ्ठ्यासारखी लागते, औषध पितोय असं वाटतच नाही. गोड स्मूदीपेक्षा ही खारी आपल्या जिभेला लवकर पटते असा माझा अनुभव आहे, निदान आमच्या घरात तरी तसंच झालं.

दुसरी लाल. कुकरमधलं एक गाजर, बीटाची बोटभर फोड, एक टोमॅटो, रात्री भिजवलेले सातआठ शेंगदाणे, लिंबू, मीठ. बीट जास्त घालू नकोस, मातकट वास येतो आणि मुलं तिथेच नाक मुरडतात. आमची धाकटी हीच पिते, ती पण रंग बघून. तुझ्या मुलालाही हिरव्याऐवजी लाल-गुलाबीने सुरुवात कर. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते तेव्हा तीनचार घातल्या की झालं.

आणि ते जुडी सडण्याचं, रविवारीच सगळा पालक निवडून उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकायचा, निथळून गार करून वाटायचा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीजरला. क्यूब झाले की डब्यात काढून ठेव. रोज सकाळी तीन क्यूब टाकले की झालं, निवडणं नाही, धुणं नाही. मला सकाळी मोजून सहा मिनिटं लागतात भांडं धुण्यासकट.

रानजाई

@पाटा_वरवंटा कुकरच्या डब्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं गं! खूप आभार. क्यूब या रविवारीच करते.

आहार_नाशिक

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. थोडं सविस्तर लिहिते कारण तुमच्या प्रश्नात दोनतीन गोष्टी अशा आहेत की त्या नुसत्या रेसिपीने सुटणार नाहीत.

आधी सासऱ्यांचं, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुमची काळजी उगाचची नाही. दुधी कधीकधी कडू निघतो, काकडीसारखाच, आणि त्या कडूपणामागे कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं असतात. ती विषारी आहेत. कडू दुधीचा ग्लासभर रस पोटात गेला तर थोड्या वेळात मळमळ, उलट्या, जुलाब, कधी रक्ताच्या उलट्या आणि बीपी एकदम खाली जाणं असं होऊ शकतं, माणूस दगावूही शकतो. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असाच दुधी-कारल्याचा मिक्स रस प्यायल्यावर मृत्यू झाला होता, त्याच्या पेपरात खूप बातम्या आल्या होत्या, आणि त्यानंतर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तज्ज्ञांची समिती नेमून सूचना काढल्या. त्या लक्षात ठेवायला सोप्या आहेत. रस काढायच्या आधी दुधीचा छोटा तुकडा चाखायचा, जरा जरी कडू लागला तर अख्खा दुधी फेकायचा, तो दुसऱ्या कुठल्या रसात मिसळायचा नाही, आणि प्यायल्यावर अस्वस्थ वाटलं तर घरगुती उपाय करत न बसता सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आता तुम्हीच बघा, दुधीत कारलं घातलं की दुधी कडू होता का नव्हता हे कळणार कसं? कारलं मुळातच कडू. म्हणून दुधी आणि कारल्याचा मिक्स रस हा प्रकार मला अजिबात मान्य नाही, मग तो कितीही स्वच्छ ठिकाणी मिळो. सासऱ्यांना शुगरच्या गोळ्या चालू असतील तर अजून एक आहे, कारल्याच्या रसाने साखर उतरू शकते आणि गोळ्यांनीही उतरतेच, दोन्ही मिळून कधी फार खाली गेली तर सकाळी रिकाम्या पोटी चालताना चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही. त्यांना म्हणावं की रस पिताय हे डॉक्टरांना सांगा, एवढंच सांगा, बाकी डॉक्टर बघतील. आवळा एकटा खुशाल घेऊ दे, पाण्यात घालून, बिनसाखरेचा.

आता तुमचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवीन आहार मार्गदर्शक सूचना दिल्यात, त्यात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या (बटाटा सोडून) आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. वर पाटा_वरवंटा यांनी दिलेलं हिरवं प्रमाण एकट्याने घेतलं तर काकडी आणि पालक मिळून साधारण दोनशेच्या आसपास जाईल, दोघांत वाटलं तर शंभर. म्हणजे स्मूदीने चांगला हातभार लागतो पण ताटातली भाजी आणि कोशिंबीर राहायलाच हवी, तिच्या जागी ग्लास नको.

स्मूदी का ज्यूस म्हणाल तर माझं मत अगदी स्पष्ट आहे, अख्खं वाटायचं, गाळायचं नाही. भाजीतला न विरघळणारा चोथा जवळजवळ सगळा गाळणीत राहतो, आणि पोट साफ राहणं, भूक लवकर न लागणं हे बरंचसं त्याच्यामुळे होतं. फळांचा रस गाळून प्यायलात तर त्यातली साखर सरबतातल्या साखरेसारखीच धरायची, जागतिक आरोग्य संघटनाही फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजते. माझ्याकडे असे कितीतरी लोक येतात की भाजीची स्मूदी पितो म्हणतात आणि आत दोन केळी, एक सफरचंद, चार खजूर आणि मध असतो, पालक नावाला चार पानं. फळ एकच, तेही अर्धं, असा नियम घाला.

हिमोग्लोबिनचं मात्र नीट वाचा. ९.८ ला पालकाच्या स्मूदीवर अवलंबून राहू नका, गोळ्या सांगितल्या तितके दिवस पूर्ण घ्या. पालकात लोह असतं पण त्यातलं शरीराला फार थोडं लागू पडतं. लिंबू, आवळा, पेरू यातल्या क जीवनसत्त्वाने ते जरा जास्त लागू पडतं म्हणून लिंबू घालाच, आणि वाटून झाल्यावर घाला. लोहाची गोळी आणि दह्याची स्मूदी किंवा चहा एकाच वेळी नको, दोनेक तासांचं अंतर ठेवा, दूध-दह्यातलं कॅल्शियम लोहाच्या आड येतं. गाजराबरोबर थोडं स्निग्ध हवं, शेंगदाणे, तीळ, ओलं खोबरं काहीही, कारण गाजरातलं कॅरोटीन तेलातुपाबरोबरच नीट शोषलं जातं. शिजवलेल्या गाजरातून ते कच्च्यापेक्षा जास्त मिळतं, तेव्हा कुकरचा डबा हा उपाय नुसता सोयीचा नाही, चांगलाही आहे.

ज्यांना किडनीचा त्रास आहे, मुतखडा होऊन गेलाय, किंवा रक्त पातळ व्हायच्या गोळ्या (वॉरफेरिन, असिनोकुमरॉल) चालू आहेत त्यांनी पालेभाजीचा ग्लास रोजचा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचंच. पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाने त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून एकदम वाढवायचंही नाही आणि एकदम बंदही करायचं नाही.

डुसेलडॉर्फकर

मुतखड्याचं वर आलंच आहे तर माझा अनुभव लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मी मूळचा सांगलीचा, सध्या जर्मनीत. इथे आल्यावर हिवाळ्यात मिळतील त्या भाज्या महाग वाटायच्या म्हणून फ्रोझन पालकाची पाकिटं आणायचो आणि रोज सकाळी पालक, बीट, मूठभर बदाम असा मोठा अर्ध्या लिटरचा ग्लास. जवळजवळ आठ महिने एक दिवस चुकवला नाही. वजन उतरलं, बरं वाटत होतं, मित्रांना पण सांगत होतो. मग एका पहाटे उजव्या कुशीत असं काही दुखायला लागलं की उभं राहवेना, बसवेना, घामाने पांघरूण भिजलं. हॉस्पिटलात सीटी स्कॅन केला, ५ मिमीचा खडा. तो पडल्यावर तपासला तेव्हा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला (ऑक्झलेट म्हणजे काही भाज्यांत असणारं द्रव्य, ते लघवीत कॅल्शियमशी जुळलं की खडा होतो). डॉक्टरांनी विचारलं रोज काय खातोस, मी ग्लासचं सांगितलं आणि त्यांनी तिथेच थांबवलं मला. पालक, बीट, बदाम, तिन्हीमध्ये ऑक्झलेट भरपूर, आणि मी तिन्ही एकत्र, रोज, दूध-दही काहीच न घालता पीत होतो. पाणी पण कमी प्यायचो थंडीमुळे.

सगळ्यांनाच होईल असं नाही, माझ्या वडिलांनाही खडा होऊन गेलाय, घराण्यात असेल. पण रोज तोच पाला कच्चा पिऊ नये एवढं मी शिकलो. आता आठवड्यातून एकदोनदा पालक, तोही उकळून पाणी फेकून, आणि दह्याबरोबर, कारण दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि ते लघवीपर्यंत कमी पोचतं असं मला समजावलं. बाकी दिवस काकडी, दुधी (चाखून!), कोबी, आणि इथे थंडीत केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) मिळतो तो, त्यात ऑक्झलेट फारच कमी. पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर.

हां आणि बीट प्यायल्यावर लघवी लाल होते कधीकधी, ती बीटाच्या रंगाने, घाबरू नका. मला कुणी सांगितलं नव्हतं, त्या दिवसांत मी फार घाबरलो होतो.

पाटा_वरवंटा

@डुसेलडॉर्फकर बाप रे, बरं झालं लिहिलंत. मी पण रोज पालकच घालते, उकळते तरी, आणि दही असतं, पण आता आलटून पालटून करेन. @आहार_नाशिक ताई, पालकाऐवजी काय काय चालेल? मेथी कडू होते.

आहार_नाशिक

मेथीची चारपाच पानं दह्यात लपून जातात, जास्त नको. कोथिंबीर तर मूठभर घाला, देठासकट, आपण तिला सजावटीपुरतीच ठेवतो पण तीही पालेभाजीच आहे. पुदिना, कोबीची आतली पानं वाफवून, दुधी वाफवून, शेवग्याचा कोवळा पाला मूठभर (वाफवून, कच्चा उग्र लागतो). माठ आणि राजगिरा यांत पालकासारखंच ऑक्झलेट जास्त, ते उकळून आणि अधूनमधून.

बांधावरून

आमची जुन्नर तालुक्यात शेती आहे, पालक, कोथिंबीर, काकडी, दुधी सगळं निघतं, म्हणून भाजी घेताना काय बघायचं ते सांगतो.

दुधी कडू का होतो तर पाण्याचा ताण पडला, ऊन फार झालं, किंवा बियाणं गडबडीचं असलं की वेलाला तो कडूपणा येतो. पण बाहेरून काहीही कळत नाही हो, तोच रंग, तोच आकार, तोच तजेला. बाजारात वर्षानुवर्षं बसणारा माणूसही नुसतं बघून सांगू शकत नाही. आमच्या आईची सवय अशी की दुधी चिरला की आधी दोन्ही टोकांची एकेक चकती जिभेला लावायची, मग विळीवर घ्यायचा. घरच्याच वेलाचा असला तरी. तिला कुणी समितीच्या सूचना सांगितल्या नव्हत्या पण ती करायचीच, काकडीलाही तेच.

पालक घेताना मोठी रुंद जून पानं नको, कोवळी बघा, देठ दाबला तर कट्कन मोडला पाहिजे. घरी आणल्यावर धुऊन फ्रीजमध्ये ठेवू नका, सडतो तो त्याच्यामुळेच. जुडीचा रबर काढायचा, पिवळी पानं काढायची, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवायचा, चारपाच दिवस आरामात राहतो. धुवायचा वापरायच्या वेळी, आणि धुण्याची रीत अशी की मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पालक बुडवायचा, हलवायचा, आणि पालक वर उचलून घ्यायचा. पातेलं ओतून गाळू नका, तळाला बसलेली माती परत पानांवरच येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तीनचार वेळा. पावसाळ्यात तर पाचदा, पानांवर चिखल उडालेला असतो. कच्चं पिणार असाल तर याच्यात हयगय करू नका, मातीतून जंतांची अंडी येतात पानांवर, कोबीच्या पदरांत पण. पावसाळ्यात आम्ही स्वतः शेतकरी असून पाला कच्चा खात नाही.

आणि ताई डिसेंबर-जानेवारीत घ्या पालेभाजी, तेव्हा आमच्याकडून इतकी निघते की भाव पडतात, भरपूर घेऊन क्यूब करून ठेवा.

कुसुमकाकू

रानजाई बाळ, सगळे छान सांगताहेत, मी माझं थोडं सांगते. माझं वय ६८, सुना-नातवंडं सगळी एकत्र. हे स्मूदी स्मूदी म्हणतात ते आपल्याकडे पातळ करून पिण्याचे प्रकार काय कमी आहेत का गं? कच्चंच प्यायचं असा हट्ट कशाला. रात्री उशिरा येतेस ना, मग टोमॅटोचं सार कर पण त्यात एकटा टोमॅटो नको. चार टोमॅटो, एक गाजर, दुधीची वाटीभर फोड, बीटाचा एवढासा तुकडा रंगापुरता, सगळं कुकरला दोन शिट्ट्या, मिक्सरला फिरवून वरून तुपाची जिरं-हिंग-कढीपत्त्याची फोडणी आणि चिमूटभर गूळ. चार माणसांत अर्धा-पाऊण किलो भाजी जाते पोटात आणि कुणाला कळतही नाही. माझा नातू भाजीचं नाव काढलं की उठून जायचा, तो साराच्या दोन वाट्या भातावर घेतो आणि एक नुसती पितो. आज तुझ्या मुलाला ग्लासात नको देऊस, वाटीत दे, गरम, वर तूप. ग्लासातलं हिरवं बघून पोरं बिचकतात.

तसंच ताकातला पालक, आंबट चुका घालून. दाण्याचं कूट लावलंस की दाटपणा येतो. आणि काकडी किसून ताकात, मीठ-जिरं, ते तर दुपारी ऑफिसात बाटलीत नेता येईल.

एक मात्र कळकळीने सांगते, अळूची पानं कुणी मिक्सरला कच्ची घालू नका. मागे आमच्या शेजारच्या मुलीने केलं होतं, पालेभाजीच आहे ना म्हणून. घसा असा खाजला, जीभ सुजली, रात्री डॉक्टरकडे न्यावं लागलं. अळू शिजवून, चिंच घालूनच खायचा असतो ते उगाच नाही. शेवळांचंही (पावसाळ्यातली रानभाजी) तेच, आम्ही काकडं (आंबट रानफळं) घातल्याशिवाय करत नाही. सगळा पाला कच्चा खाण्याचा नसतो गं.

रानजाई

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला पण करून बघून मगच लिहायचं ठरवलं होतं.

क्यूब जमले. दोन जुड्यांचे एका ट्रेत बसले, १४. सोमवारी आणि गुरुवारी पालक, बाकी दिवस काकडी-कोथिंबीर-दही, शनिवारी लाल. लोहाची गोळी रात्री घेते आणि स्मूदी सकाळी, म्हणजे अंतर आपोआप पडतं. पोट डब्ब होत नाही आता. काकू, तुमचं सार मुलाने पहिल्याच दिवशी वाटी पुसून खाल्लं, मला विश्वासच बसेना, आता आठवड्यातून तीनदा होतं आणि तोच कुकरमध्ये गाजर ठेवायची आठवण करतो. ग्लासातलं मात्र अजून नाही पीत, नको पिऊ दे.

सासऱ्यांशी बोलायला मला फार जड जात होतं, नवऱ्यालाच सांगितलं, त्याने हा सगळा धागा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्या रसवाल्याला विचारून आले की दुधी चाखतोस का, तो म्हणाला पहाटे चारलाच सगळं काढून भांड्यात भरून आणतो, चाखायला वेळ कुठे. तेव्हापासून त्यांनी बाहेरचं बंद केलं. आता दुधी स्वतः आणतात, खुर्चीवर बसून दोन्ही टोकांची चकती काढतात, चाखतात आणि मगच मला चिरायला देतात. कारलं डॉक्टरांना विचारून सोडलं, शुगर सकाळची घरी मशीनवर बघतात आणि वहीत लिहितात.

मागच्या मंगळवारी त्यांनी एक चकती तोंडात घातली आणि लगेच बेसिनवर जाऊन थुंकली, चूळ भरली. मग माझ्याकडे तो दुधी धरून म्हणाले, हा बघ. हिरवागार, कोवळा, नखाने टोचला तर रस येत होता, मी स्वतः निवडून आणला असता इतका छान. मी तुकडा जिभेला नुसता लावला, कडवटपणा बराच वेळ गेला नाही. आम्ही दोघं थोडा वेळ काहीच बोललो नाही. तो दुधी मी पेपरात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकला. @आहार_नाशिक ताई, @बांधावरून दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

एक छोटा प्रश्न, बाजारातून बीट पाल्यासकट मिळतं, तो पाला छान ताजा असतो, टाकवत नाही. त्याचे क्यूब करू का?

आहार_नाशिक

वाचून खूप बरं वाटलं, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. बीटाच्या पाल्यात ऑक्झलेट पालकासारखंच जास्त असतं, त्यामुळे रोजच्या क्यूबला नको. लसूण घालून पीठ पेरून भाजी करा, वाफेवर, आणि ताटात शेजारी दही. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन परत तपासून घ्या आणि किती आलं ते इथे नक्की लिहा.

कुसुमकाकू

पीठ पेरताना बेसन आधी कोरडं भाजून घे हो, नाहीतर गोळे होतात.